शाहजोग हुंडीपासून पाच ताऱ्यांपर्यंत



दशलक्षण पर्वाच्या आधी आमच्या घरच्या ग्रुपवर भाचेसुनेचा मेसेज आला. तिने मेतकूट, भाजणी आणि कांदा-लसूण नसलेला मसाला ऑनलाइन विकायला नुकतीच सुरुवात केली होती. "आत्या, काकू, मावशी, सगळ्यांनी पाच स्टार टाका हं. दोन ओळी लिहिल्यात तर फार बरं होईल." पोर कष्टाळू आहे. पहाटे उठून भाजणी भाजते, लेकराला शाळेत सोडते आणि मग पाकिटं भरते. मी लगेच पाच तारे दाबले आणि लिहिलं, "चव अगदी घरची, आईच्या हाताची आठवण झाली."

खरं तर तो मसाला मी चाखलाही नव्हता. पाकीट अजून आमच्या गावात पोचलंच नव्हतं.

पुढे उत्तम सत्याच्या दिवशी दुपारच्या स्वाध्यायात सत्याणुव्रताचे अतिचार निघाले. त्यात 'कूटलेखक्रिया' हा शब्द आला. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख लिहिणं, जे कुणी बोललं नाही, घडलं नाही, ते घडल्यासारखं लिहून ठेवणं. शेजारच्या वहिनी हसून म्हणाल्या, "आपण कुठे खोटे दस्तऐवज लिहितो? हे सावकारांसाठी असेल." सगळ्या हसल्या. मी मात्र हसले नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी या विषयावर वाचत होते. अनोळखी माणसाच्या शब्दावर विसंबून वस्तू घेण्याची रीत कुठून आली आणि ती बिघडली कशी, हे मला समजून घ्यायचं होतं. जे कळलं ते इथे मांडते.

पेढीची साख

आपले पूर्वज व्यापारी. सतराव्या शतकात सुरतेत विरजी व्होरा आणि अहमदाबादेत शांतिदास झवेरी ही जैन व्यापाऱ्यांतली मोठी नावं होती. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा विरजी व्होरांकडून कर्ज घेत असे. त्या काळी सुरतेत लिहिलेली हुंडी आग्र्याला वटायची. एवढा लांबचा रस्ता, मध्ये चोर-दरोडेखोर, आणि हातात फक्त कागदाचा एक तुकडा. तरी व्यवहार चालायचा तो साखेवर.

हुंडीचा एक प्रकार होता 'शाहजोग'. या हुंडीचे पैसे कुणाही येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात दिले जात नसत. ते 'शाह' माणसाला, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा ओळखीच्या व्यापाऱ्यालाच, किंवा त्याच्या मार्फत मिळत. मागून काही खोटं निघालं तर त्या शाहाला गाठता येत असे. थोडक्यात, साक्ष देणाऱ्याला नाव होतं, पत्ता होता आणि गमावण्यासारखं काहीतरी होतं. शब्द खोटा ठरला तर पेढी बसायची, आणि मुलांच्या सोयरिकीवरही त्याचा परिणाम व्हायचा. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं.

मेलेल्या बाईची उत्तरं

छापखाने आले, माल दूरदूर जाऊ लागला, आणि ओळखीच्या शाहाच्या जागी छापील प्रशस्तिपत्रं आली. जुन्या मराठी मासिकांतल्या औषधांच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. "आपल्या औषधाने गुण आला" अशी पत्रं त्यांत हमखास असत.

याचा सर्वांत बोलका किस्सा अमेरिकेतला आहे, आणि तो बायकांचाच आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी लिडिया पिंकहॅम या गृहिणीने १८७५ मध्ये बायकांच्या दुखण्यांवर घरगुती काढा विकायला सुरुवात केली. बाटलीवर आणि जाहिरातीत त्यांचा आजीसारखा चेहरा असायचा. गुण आलेल्या बायकांची पत्रं छापली जायची, आणि "पिंकहॅमबाईंना लिहा" असं आवाहनही असायचं. पुरुष डॉक्टरला सांगायला लाज वाटावी अशा तक्रारी बायका विश्वासाने लिहून पाठवत.

लिडियाबाई १८८३ मध्ये वारल्या. जाहिराती आणि पत्रव्यवहार मात्र चालूच राहिला. शेवटी १९०५ मध्ये 'लेडीज होम जर्नल' या बायकांच्या मासिकाने त्यांच्या थडग्याच्या दगडाचा फोटोच छापला. तोवर कित्येक जणींना वाटत होतं की आपली पत्रं बाई स्वतः वाचतात. त्या काढ्यात जवळपास १८ टक्के मद्यार्क होता, हेही सांगायला हवं. दारूला शिवणार नाहीत अशा कितीतरी सोवळ्या घरांत तो चमच्याने घेतला जात होता. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, अमेरिकेत अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा आला. औषधात मद्यार्क असेल तर तो लेबलवर लिहिणं भाग पडलं.

अनोळखी माणसांचा बाजार

१९९५ मध्ये दोन दुकानं इंटरनेटवर उघडली. जुलैमध्ये ॲमेझॉनने पुस्तकं विकायला सुरुवात केली. सुरुवातीच्या काळातच त्यांनी वाचकांना पुस्तकांवर अभिप्राय लिहू दिले, वाईट अभिप्रायसुद्धा. दुकानदाराने आपल्याच मालाची निंदा आपल्याच भिंतीवर लिहू द्यावी, हे त्या वेळी अनेकांना विचित्र वाटलं होतं.

दुसरं दुकान पिअर ओमिड्यार यांचं 'ऑक्शनवेब', म्हणजे पुढचं ईबे. इथे अनोळखी माणसं एकमेकांना जुन्या वस्तू विकत. तक्रारी येऊ लागल्यावर ओमिड्यार यांनी फेब्रुवारी १९९६ मध्ये 'फीडबॅक फोरम' सुरू केला. चांगल्या अनुभवाला अधिक एक, वाईटाला उणे एक आणि मधल्याला शून्य. शाहजोग हुंडीची कल्पनाच जणू नव्या रूपात आली. प्रत्येकाच्या नावापुढे त्याची साख आकड्यात दिसू लागली.

पण एक गंमत झाली. १९९९ च्या सौद्यांचा अभ्यास रेझनिक आणि झेकहाउझर या दोन संशोधकांनी केला, तेव्हा खरेदीदारांनी दिलेल्या अभिप्रायांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त चांगले निघाले. इतके सगळे विक्रेते साधुसंत होते का? तसं नव्हतं. ईबेवर विक्रेताही खरेदीदाराला शेरा देऊ शकत होता. तुम्ही उणे दिलंत तर तोही उणे देणार, या धाकाने माणसं गप्प बसत. शेवटी २००८ मध्ये विक्रेत्यांना खरेदीदाराविषयी वाईट शेरा देण्याची मुभाच काढून घेतली गेली. भिडेपोटी आणि भीतीपोटी दिलेली साक्ष खोटीच असते, मग ती कितीही गोड असो. हे वाचताना मला भाचेसुनेचा मेसेज आठवत होता.

खोट्याची किंमत

फेब्रुवारी २००४ मध्ये ॲमेझॉनच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर काही तांत्रिक चूक झाली आणि निनावी अभिप्राय लिहिणाऱ्यांची खरी नावं काही दिवस उघडी पडली. तेव्हा कळलं की काही लेखक स्वतःच्याच पुस्तकाला पाच तारे देत होते. जॉन रेची या प्रसिद्ध कादंबरीकारांचं नाव त्यात निघालं. २०१० मध्ये ऑर्लांडो फायजेस या ब्रिटिश इतिहासकारांनी टोपणनावाने प्रतिस्पर्ध्यांच्या पुस्तकांची निंदा आणि स्वतःच्या पुस्तकाची स्तुती केल्याचं उघड झालं. आधी दोष त्यांच्या पत्नीवर गेला, मग त्यांनी स्वतः कबुली दिली. जन्मभर कागदपत्रांचा खरे-खोटेपणा तपासणाऱ्या माणसाचं हे झालं. म्हणजे ज्ञान असलं की सत्य पाळलं जातंच असं नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत एका माणसाने पुस्तकांचे अभिप्राय विकण्याचा धंदाच काढला होता. एकाला ९९ डॉलर, वीसना ४९९, पन्नासना ९९९. घाऊक घेतलं की स्वस्त! २०११ मध्ये हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी सिॲटलमधल्या हॉटेलांचा अभ्यास केला. येल्पवर एक तारा वाढला की स्वतंत्र हॉटेलांचं उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. तारा म्हणजे रोकड ठरल्यावर नकली तारे येणारच. खोटं नाणंही खऱ्याला किंमत असते म्हणूनच पाडलं जातं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ॲमेझॉनने पाच-पाच डॉलरला अभिप्राय लिहिणाऱ्या हजाराहून अधिक लोकांवर दावा लावला. २०१७ मध्ये ऊबा बटलर या लंडनच्या तरुणाने आपल्या परसातल्या शेडला हॉटेल म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर नोंदवलं. मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहून घेतले, आणि पदार्थांच्या फोटोत दाढीचा फेस वापरला. सहा-सात महिन्यांत ते नसलेलं हॉटेल लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं!

'खरेदी केलेल्याचाच अभिप्राय' अशी खूण आली, तर त्यावरही तोड निघाली. २०२० मध्ये अमेरिकेत हजारो घरी न मागवलेली बियांची पाकिटं पोचली. तिथल्या कृषी खात्याचा अंदाज होता की विक्रेते अनोळखी पत्त्यांवर काहीतरी पाठवून त्या नावाने खोटे अभिप्राय लिहीत असावेत.

२०१९ चं एक प्रकरण तर आपल्या स्वयंपाकघराच्या जवळचं आहे. गार्सिनिया कंबोजिया हे आपल्या कोकमाचंच भावंड, केरळात आमटीत घालतात ते. त्याच्या वजन घटवण्याच्या कॅप्सूल ॲमेझॉनवर विकणाऱ्या एका कंपनीने पैसे देऊन अभिप्राय लिहून घेतले होते. सरासरी ४.३ तारे राहिले पाहिजेत, नाहीतर विक्री होत नाही, असं त्यांनी लिहिणाऱ्यांना कळवलं होतं. स्वतंत्र विक्री-संकेतस्थळावरच्या विकत घेतलेल्या खोट्या अभिप्रायांवरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने केलेली ही पहिली कारवाई. १ कोटी २८ लाख डॉलरचा दंड ठरला, त्यातले ५० हजार भरल्यावर बाकीचा स्थगित झाला. या अर्काच्या गोळ्यांचा संबंध यकृत निकामी होण्याशी जोडला गेला आहे. म्हणजे कुणीतरी लिहिलेल्या "मला छान गुण आला" या खोट्या ओळीवर कुणाचं तरी यकृत पणाला लागतं. सत्यव्रत हे अहिंसेचंच कुंपण आहे असं आपल्याकडे सांगतात, ते मला इथे नीट कळलं.

कायदा आणि व्रत

आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहकाचं सोंग घेऊन अभिप्राय लिहिणं मना आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'आयएस १९०००' हे ऑनलाइन अभिप्रायांसाठीचं मानक आणलं. अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि छापावेत हे त्यात आहे, पण सुरुवातीला ते ऐच्छिकच ठेवलं गेलं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे अभिप्राय विकणं आणि विकत घेणं यांवर थेट बंदीचा नियम लागू झाला. यंत्राकडून लिहून घेतलेले खोटे अभिप्रायही त्यात आले. आपली फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, हे लक्षात ठेवा.

पण कायदा विक्रेत्याला पकडतो. आत्याला कोण पकडणार? तिथे आपला धर्मच लागतो. कृत, कारित, अनुमोदना हे आपण रोज म्हणतो. खोटं लिहिणारा, लिहवून घेणारा आणि त्याला 'छान' म्हणणारा, तिघेही त्यात आले. आणि साक्ष कुणाची मानावी? आपल्याकडे आप्त कोण, तर ज्याला राग नाही आणि द्वेष नाही तो. पैसे घेऊन किंवा नात्यापोटी लिहिणाऱ्याला राग आहे, प्रतिस्पर्ध्याला द्वेष आहे. मग आपण ताऱ्यांची सरासरी पाहून काय करणार? मी आता मधले, तीन ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचते. कोणत्या वापरासाठी घेतलं, किती दिवस वापरलं, काय बरं आणि काय खटकलं, हे सांगणारा सहसा खरा असतो. एकाच आठवड्यात आलेली एकसारखी स्तुती मी सोडून देते.

भाचेसुनेला फोन केला. म्हटलं, "अगं, मी ते लिहिलेलं काढून टाकलंय. मसाला पैसे देऊन मागवलाय. वापरते आणि मग तुलाच आधी सांगते." ती थोडी गप्प झाली. "आत्या, तुमचे तारे गेले तर सरासरी खाली येईल ना?" म्हणाली. मला वाईट वाटलं. तिच्या कष्टांचा प्रश्न होता.

मसाला आला. आमटीत घातला. वास सुरेख होता, पण धणे थोडे जास्त भाजले गेले होते, मागून कडवटपणा येत होता. ते तिला फोनवर सांगितलं. पुढच्या घाण्यात तिने आच कमी केली आणि नवं पाकीट स्वतःहून पाठवलं. त्याचे पैसे तिने घेतले नाहीत, म्हणून त्याविषयी मी कुठे काही लिहिलं नाही. पहिल्याविषयी मात्र लिहिलं. चार तारे दिले, कडवटपणाचं लिहिलं, आणि खाली जोडलं, "विकणारी माझी भाचेसून आहे."

क्षमावाणीच्या दिवशी ती भेटायला आली. "उत्तम क्षमा, आत्या," म्हणाली. मग हळूच म्हणाली, "तुमचा अभिप्राय वाचून एकीने विचारलं, भाजणीचं काय, ती पण जास्त भाजता का?" आम्ही दोघी हसलो. त्या बाईंनी भाजणी मागवली की नाही, ते मी विचारलं नाही.

जय जिनेंद्र.