एक दिवस उशिरा

आमच्या कामात एक ओळ सर्रास लिहिली जाते: ‘सिस्टिम फार वेळ सलग चालू ठेवू नये, अधूनमधून रीस्टार्ट करावी.’ मीही लिहिली आहे. बग सापडलेला असतो, पण रिलीज तोंडावर आलेलं असतं. मग दुरुस्ती पुढे ढकलून आपण ही ओळ टाकतो आणि मोकळे होतो. धहरानची गोष्ट वाचल्यापासून मात्र माझा हात अडखळतो.

१९९१, आखाती युद्ध. सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये इराकची स्कड क्षेपणास्त्रं पाडायला अमेरिकेची पेट्रियट यंत्रणा तैनात होती. तिचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं. एक दशांश आपल्याला ०.१ इतका सोपा वाटतो, पण बायनरीत तो कधीच संपत नाही. २४ बिटांत बसवायचा तर शेपूट छाटावं लागतं. छाटलेला तुकडा अगदी नगण्य, पण यंत्र चालू असेपर्यंत चूक साठत राहते. १०० तासांनी ती सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली होती. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं.

पेट्रियट मुळात सोव्हिएत विमानांसाठी बनलं होतं. एका जागी काही तास चालवायचं आणि हलवायचं. सलग चार दिवस ते कुणी चालवेल, हे गृहीतच धरलं नव्हतं.

११ फेब्रुवारीला इस्रायलकडून माहिती आली: आठ तासांतच रडारची नजर सरकतेय. १६ तारखेला सुधारित सॉफ्टवेअर तयार झालं. २१ तारखेला तुकड्यांना इशारा गेला, की यंत्रणा फार वेळ चालवली तर असं होऊ शकतं. फार म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं.

२५ तारखेला स्कड आलं. रडार भलत्याच जागी शोधत राहिलं, पेट्रियट सुटलंच नाही. स्कड बराकीवर पडलं आणि २८ अमेरिकी सैनिक मेले. सुधारित सॉफ्टवेअर धहरानला पोचलं २६ तारखेला.

बग जितका उशिरा सापडेल तितका महाग, हे आम्ही इंजिनिअरिंगला पाठ केलं होतं. इथे तर तो दोन आठवडे आधी सापडला होता, दुरुस्तही झाला होता. पण वापरणाऱ्याच्या हातात पोचेपर्यंत दुरुस्ती झाली असं म्हणता येत नाही. तोवर मिनिटभराचा रीबूट पुरला असता. फक्त किती तासांनी करायचा, तेवढं कळायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात मी माझी ती जुनी ओळ शोधून काढली. ‘फार वेळ’ खोडून तासांचा आकडा घातला. आणि दुरुस्तीचं काम याच रिलीजमध्ये घेतलं.