लोडवर बंद पडतं!

मागच्या फेब्रुवारीत वळसंगला गेलो, तेव्हा मळ्यातला डीपी जळून चार दिवस झाले होते. कांदा माना टाकत होता. म्हणून काकांनी आजोबांच्या काळातलं डिझेल इंजिन पुन्हा चालू केलं होतं. हे इंजिन विहिरीच्या काठावर नाही, आत वीसेक फूट खाली दगडी कट्ट्यावर बसवलेलं आहे.

"रिकामं झकास पळतंय बघ. पाणी उचललं की दहा-पंधरा मिनिटांत मरतंय. तू इंजिनिअर ना, बघ की जरा!"

सॉफ्टवेअरवाल्याकडे घरची मंडळी मिक्सरपासून इंजिनापर्यंत याच आशेने बघतात. असो. पण तक्रार ओळखीची होती. आमच्याकडेही टेस्टिंगला सगळं गोड चालतं आणि खरा लोड आला की सर्व्हर झोपतो.

पण मुळात इंजिन विहिरीत उतरलं कशाला? याचं उत्तर इतिहासात आहे.

आधी मोट होती. ओझं वाढलं की बैल आपोआप जोर लावायचे, नाहीतर थांबायचे. मग पंप आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरानंतर तिथे पंपही बनू लागले. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. साताऱ्याची कूपर इंजिनं होतीच. इंग्लंडच्या लिस्टर इंजिनासारखी इंजिनं राजकोटच्या कारखान्यांतून निघू लागली. वीज पोचायच्या आधी कितीतरी शिवारांत इंजिनाची फटफट पोचली ती अशी.

पण पंपाला एक मर्यादा असते. तो पाणी वर हवं तेवढं ढकलेल, खालून ओढताना मात्र हवेच्या दाबावर अवलंबून राहतो. हिशेबाने साधारण ३४ फूट, प्रत्यक्षात २०-२५ फुटांवर खेळ खलास. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, मग त्या आणखी खोल गेल्या. पाणी खाली सरकलं आणि त्याच्यामागे पंप आणि इंजिन विहिरीत उतरलं.

आता आमच्या इंजिनाकडे. वरून वाकून बघितलं, तर लोड येताच काळा धूर. डिझेल कमी पडलं असतं (टाकीच्या झाकणाचं भोक बुजलेलं, फिल्टर तुंबलेला), तर ते धूर न करता गपकन बसलं असतं. काळा धूर म्हणजे डिझेल मिळतंय, हवा मिळत नाही. डिझेल इंजिन दर फेऱ्याला जवळपास तेवढीच हवा आत घेतं, लोडप्रमाणे बदलतं ते डिझेल. वेग पडला की गव्हर्नर डिझेल वाढवतो. रिकामं पळताना हवा भरपूर उरते, म्हणून दोष दिसत नाही. लोडवर सगळी हवा लागते, तेव्हाच तो उघडा पडतो.

मग हवा कुठे गेली? धूर काठाच्या वर नेणारा पाइप कट्ट्यापाशीच गंजून तुटला होता. इंजिन स्वतःचाच धूर पुन्हा आत ओढत होतं.

"काका, बंद पडल्यावर हॅण्डल मारायला कोण उतरतं?"

"मीच की. आज दोनदा उतरलो. डोकं लई दुखतंय, ऊन लागलं असेल."

माझ्या पोटात गोळा आला. ते ऊन नव्हतं. अर्धवट जळलेल्या डिझेलमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. जुनी माणसं कंदील सोडून बघायची, पण कंदिलाने फक्त प्राणवायू कमी झालेला कळतो. हा वायू जीव घेण्याइतका असला तरी कंदील जळत राहतो. एकजण खाली पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही परत येत नाहीत. अशा बातम्या अजूनही वाचायला मिळतात.

काकांना आधी दवाखान्यात नेलं, इंजिनाचं नंतर बघितलं. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टरवरचा जनरेटर आणून पाणबुडी मोटर चालवली. निम्मा कांदा वाचला. पुढच्या आठवड्यात ब्लोअरने विहिरीत ताजी हवा सोडून, कमरेला दोर बांधलेला माणूस उतरवला आणि यारीने इंजिन वर काढलं.

आजीला हे सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "तुझे आजोबा इंजिन बंद पडल्यावर दुपार सरेपर्यंत कुणाला खाली उतरू द्यायचे नाहीत. पाइप तर दर दिवाळीला बघायचे."

म्हणजे बघा, वीज आली, पाणबुडी मोटर आली, इंजिन अडगळीत गेलं. ते वापरण्याची शिस्तही त्याच्याबरोबर गेली. अडचणीच्या वेळी आपण यंत्र तेवढं परत काढलं, शिस्त मात्र आजीच्या आठवणीतच राहिली. आपल्या ऑफिसातल्या जुन्या सिस्टीमचंही असंच होतं, नाही का? कोड सापडतो, पण तो का तसा लिहिला हे माहीत असलेला माणूस केव्हाच सोडून गेलेला असतो.

तुमच्याही गावच्या विहिरीत असं इंजिन असेल, तर आज रविवारच आहे. घरी एक फोन करा.