आत्याबाईंचं कासव

गेल्या चातुर्मासात माझ्या नातीनं बेळगावच्या बाजारातून कासवाचं पिल्लू आणलं. तळहातावर मावेल एवढं, हिरवं, डोळ्यामागं तांबडा पट्टा. मुनिसुव्रतनाथांचं लांछन आपणहून घरी आलं, म्हणून जाऊबाईंना कोण आनंद! काचेच्या बरणीत पाणी, पाण्यात कासव आणि रोज सकाळी भाताची चार शितं. दोन महिन्यांत त्याची पाठ मऊ पडली, डोळे सुजून मिटले.

जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "ऊन देता का? खायला काय घालता?" मी म्हटलं, "भात." ते हसले नाहीत. म्हणाले, "आजी, हे अमेरिकेतलं कासव. लहानपणी याला किडे, मासळी लागते. पाण्याबाहेर येऊन अंग शेकायला कोरडी जागा लागते, आणि ऊनही काचेआडचं चालत नाही." आमच्या घरात मासळी! मी गप्पच बसले. तळ्यात सोडू का म्हटलं, तर तेही नको म्हणाले. ही परकी जात आपल्याकडच्या कासवांच्या तोंडचा घास काढते. शेवटी त्यांनीच ते ठेवून घेतलं. नात दोन दिवस जेवली नाही.

तिची समजूत घालायला मी तिला एका म्हाताऱ्या बाईंची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगते.

इंग्लंडात ससेक्स परगण्यात रिंगमर नावाचं खेडं आहे. तिथं रिबेका स्नूक नावाच्या बाई राहायच्या. सुमारे १७४० साली त्यांच्या यजमानांनी एका खलाशाकडून अर्ध्या क्राउनला, म्हणजे अडीच शिलिंगांना, एक कासव घेतलं. जमिनीवरचं, भूमध्य समुद्राकडचं. नाव पडलं टिमथी. यजमान १७६३ साली गेले. बाई आणि कासव राहिले, बागेत, एकमेकांच्या सोबतीनं.

बाईंचा भाचा गिल्बर्ट व्हाइट हा पाद्री होता, आणि पाखरं, किडे, झाडं यांच्या नोंदी ठेवण्याचा त्याला नाद. आत्याकडं आला की कासवाजवळ बसून राहायचा. नोव्हेंबरात ते माती उकरून स्वतःला पुरून घेतं, त्याचे पाय घड्याळाच्या तासकाट्याइतके सावकाश हलतात. जागं झाल्यावर लगेच खात नाही, भर उन्हाळ्यात मात्र अधाशासारखं खातं. लेट्यूससारख्या चिकाच्या पाल्यावर त्याचा जीव. थंडी पडू लागली की भिंतीला पाठ तिरकी टेकवून उरलंसुरलं ऊन गोळा करतं. हे सारं त्यानं लिहून ठेवलं. पावसाला ते इतकं भितं, की जणू ठेवणीतले कपडे नेसलेली बाईच, असंही लिहिलं. (बायकांनाच मधे ओढायचं काय कारण होतं कोण जाणे. पाद्र्यांचे कपडे भिजत नसावेत.)

पण त्याच्याच नोंदींत एक ओळ आहे, तिथं मी थांबते. तीस वर्षांहून जास्त काळ खाऊ घालणाऱ्या म्हाताऱ्या बाई दिसल्या, की कासव अडखळत लगबगीनं त्यांच्याकडं निघायचं. परक्यांकडं बघायचंही नाही. आपल्याकडं म्हणतात, कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते. खरी कासवी अंडी घालून निघून जाते, पिल्लांकडं फिरकत नाही. नजरेनं वाढवण्याचं काम रिंगमरला आत्याबाईच करत होत्या. कुठला पाला आवडतो, कधी भूक नाही, कधी उठवायचं नाही, हे त्यांना भाच्याआधी ठाऊक असणार. आपल्यापर्यंत आलं ते भाच्याच्या लेखणीतून.

मार्च १७८० मध्ये आत्याबाई वारल्या. भाच्यानं कासवाला झोपेतूनच मातीतून उकरून काढलं, तेव्हा ते रागानं फुसफुसलं. मग मातीच्या पेटीत घालून घोडागाडीतून ऐंशी मैल दूर, सेलबर्नला आपल्या बागेत नेलं. प्रवासाच्या खडखडाटानं ते पुरतं जागं झालं होतं. बागेच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या घातल्या, आणि संध्याकाळी गारठा पडताच पुन्हा मातीत शिरलं. कोणाला शोधत होतं असं भाच्यानं लिहिलेलं नाही. मीही म्हणणार नाही.

व्हाइटचं सेलबर्नवरचं पुस्तक १७८९ चं. त्यामुळं टिमथी जगप्रसिद्ध झालं. व्हाइट १७९३ साली गेला, आणि पुढच्याच वसंतात कासवही. भाताच्या शितांवर नव्हे, पाला, ऊन आणि थंडीतली अखंड झोप यांवर ते पन्नासाहून अधिक वर्षं त्या परमुलखात तगलं.

त्याची पाठ आज लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे, आणि रिंगमर गावाच्या पाटीवर त्याचं चित्र. नराच्या पोटाकडची ढाल खोलगट असते, मादीची सपाट. कासव मेल्यानंतर कधीतरी जाणत्यांनी नीट तपासलं, तेव्हा कळलं, की टिमथी मादी होती.

नातीनं एवढंच विचारलं, "आजी, त्या आत्याबाईंना माहीत असेल का गं?"