राजधानीच्या वेशीवरील निवांतपणा

डिचोली तालुक्यातील नार्वे गावच्या धक्क्यावर उभे राहिले म्हणजे मांडवीच्या पात्रापलीकडे दिवाडी बेट दिसते. फेरीबोटीने बेटावर उतरावे, शेते आणि जुनी प्रशस्त घरे मागे टाकावीत आणि पुन्हा एकदा नदी ओलांडावी, की आपण जुन्या गोव्यात येतो. 1530 पासून पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साऱ्या राज्याची राजधानी असलेले हे शहर आज चर्च, पडक्या भिंती आणि माडांची बने एवढ्यावर येऊन ठेपले आहे. त्या वैभवाचे गोडवे पुष्कळांनी गायिले आहेत. आम्हांला येथे विचार करावयाचा आहे तो त्या शहराच्या वेशीवरील वस्तीचा. कारण राजधानीजवळ, परंतु राजधानीच्या गजबजाटाबाहेर राहण्याची श्रीमंतांची हौस गोव्याच्या इतिहासात काही साधीसुधी गोष्ट नव्हे. त्या हौसेपायी येथे राजधानीच जागा बदलीत आली आहे.

जुने गोवे का ओस पडले, याची कारणे अनेक. व्यापार घटला, डचांनी समुद्र अडविला, हे तर खरेच. परंतु रहिवाशाला घर सोडावयास लावले ते प्रामुख्याने पाण्याने. येथील जमीन जांभ्या दगडाची, ती सच्छिद्र. दाट वस्तीतील शौचकूपांची घाण झिरपून विहिरींत उतरे आणि साथीमागून साथी येत. ज्यांना शक्य होते ते नदीकाठाने पश्चिमेकडे सरकले. या सरकण्याला वाट करून दिली ती लिन्यारिशच्या काउंटाने. या विजरईच्या कारकीर्दीत, 1633-34 च्या सुमारास, रायबंदर ते पणजी असा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा बांध दलदलीतून घातला गेला. तो आजही वापरात आहे. वाट झाली, की उपनगर आपोआप उभे राहते.

1683 साली संभाजी महाराजांची फौज जुवें बेटावर, म्हणजे राजधानीच्या अगदी उंबऱ्याशी येऊन थडकली. त्या धसक्याने मुरगावला नवी राजधानी बांधण्याचे ठरले. जुन्या शहरातील इमारती पाडून दगड तिकडे नेण्यात आले. पुढे 1712 मध्ये तो बेत सोडून देण्यात आला. दरम्यान, 1695 साली व्हिला व्हेर्दचा काउंट हा विजरई शहरातील किल्ल्याचा वाडा सोडून शेजारच्या पानेलीत राहावयास गेला. स्वच्छ हवेसाठी त्याने निवडलेले घर दारूगोळ्याच्या कारखान्याचे होते, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा! विजरई गेला म्हणून सरदार गेले, सरदार गेले म्हणून चाकर गेले. मग पानेलीलाही रोगराईने गाठले. 1759 साली एगाच्या काउंटाने पणजीला नदीकाठच्या आदिलशाही वाड्यात मुक्काम हलविला.

तेव्हाची पणजी म्हणजे खाजण, माडांची भाटे आणि कोळ्यांची वस्ती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकला पैसा मिळवून परतलेल्या एका गृहस्थाने, लोक त्याला मोसमीकार म्हणत, फोंतेन्यसच्या माडांच्या भाटात घरे उठविली. 1827 नंतर दों मानुएल द पोर्तुगाल ई कास्त्रु याने दलदल भरून सरळ रस्ते आखले. 1843 च्या मार्च महिन्यात राजाज्ञेने या उपनगरास ‘नोव्हा गोवा’ ही शहराची पदवी मिळाली आणि मूळ शहर त्याचेच उपनगर ठरले. शांततेच्या शोधात आलेल्या राजसत्तेने शांत गावाचे शहर करून टाकले.

आता नदीच्या उत्तर तीरावरून या कथेकडे पाहू. नार्वे राजधानीपासून हाकेच्या अंतरावर होते. परंतु 1781 ते 1788 या वर्षांत डिचोली, सत्तरी आणि पेडणे नव्या काबिजादींत समाविष्ट होईपर्यंत या बाजूला, मधली काही वर्षे सोडली, तर पोर्तुगीज अंमल नव्हता. सोळाव्या शतकात देवळे मोडू लागली तेव्हा दिवाडीवरील सप्तकोटेश्वर, कदंब राजांचे हे आराध्यदैवत, याच नार्व्यास आणले गेले. मधल्या काळात ते लिंग एका विहिरीवर बसविले होते, असे सांगतात. 1668 साली शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. ताळगावची महालक्ष्मी अशीच डिचोली महालात मये येथे जाऊन राहिली आणि तिचे देऊळ पणजीत उभे राहण्यास 1818 चा सुमार उजाडावा लागला.

म्हणजे मांडवीकाठी निवांतपणाचे दोन प्रकार नांदत होते. एक विकत घेतलेला, दुसरा आश्रय म्हणून लाभलेला. दक्षिण तीरावरचा धनिक गोंगाट आणि रोग टाळण्यासाठी घर बदली. उत्तर तीरावर जो आला तो देव पाठीवर घेऊन आला. पहिल्याची नोंद विजरईंच्या दप्तरांत सापडते. दुसऱ्याची नोंद देवळाच्या परंपरेत सापडते.

विकत घेतलेल्या निवांतपणालाही राखणदार लागतो. भाटकाराच्या वाड्याभोवती माडांची राखण करणारा, नारळ उतरविणारा, पाणी भरणारा मुंडकार त्याच भाटात झोपडी बांधून राही. वाड्यातील दुपारची शांतता त्याच्या श्रमावर उभी होती. पण भाटकाराची मर्जी फिरली, की झोपडी गेली! त्या झोपडीला कायद्याचे पुरते संरक्षण मिळाले ते 1975 च्या मुंडकार कायद्याने. कोणत्याही निवांत वस्तीचा इतिहास लिहिताना तेथे कोण राहत होते याबरोबरच कोणाच्या जिवावर राहत होते, हेही विचारले पाहिजे.

ही कथा संपलेली नाही. 2000 साली गोव्याची विधानसभा पणजीचा आदिलशाही वाडा सोडून मांडवीपलीकडच्या पर्वरीच्या पठारावर गेली. पणजीच्या गर्दीला कंटाळलेल्यांनी जेथे बंगले बांधले होते, तेथेच सत्ता पाठोपाठ आली. 2023 च्या जानेवारीपासून पेडण्याच्या मोपा सड्यावर विमाने उतरू लागली. ज्या तालुक्यात देशप्रभूंचा वाडा हेच वैभवाचे परिमाण होते, तेथे दूरच्या महानगरांतील सधन माणूस शांततेसाठी जमीन शोधतो आहे. त्याला दोष देण्याचे कारण नाही. व्हिला व्हेर्दच्या काउंटाचीही इच्छा तीच होती.

मात्र जुन्या गोव्याची साक्ष विसरता येत नाही. जांभा दगड पेडण्यासही आहे आणि तो आजही तितकाच सच्छिद्र आहे. गावच्या विहिरीला किती घरे झेपतात, सांडपाणी कोठे मुरते आणि आधीपासून राहणाऱ्याचे त्या भूमीवर कोणते हक्क उरतात, हे प्रश्न घराचा पाया घालण्यापूर्वीच विचारावयाचे असतात. जुन्या गोव्याने ते वेळीच विचारले नाहीत. म्हणून आज तेथे पर्यटकांना देवालये दाखवावी लागतात, आणि नांदती घरे पाहावयाची तर नदी ओलांडून दिवाडीवर यावे लागते.