चोवीस कातडी आणि एक पेटी

सॅक्स्टन पोप हा सॅन फ्रान्सिस्कोतला शल्यविशारद. त्याने एकदा एक लाकडी पेटी घेतली, तिच्या समोरासमोरच्या दोन बाजू काढून टाकल्या, तिथे हरणाचे ताजे कातडे ताणून बसवले आणि मधली पोकळी कलेजीने गच्च भरली. मग दोन तऱ्हेचे बाण तिच्यावर मारले. पोलादी टोकाचे बाण आत २२ इंच घुसले. ज्वालामुखीच्या काळ्या काचेचे, म्हणजे ऑब्सिडियनचे, टोक असलेले ३० इंच. मोटारगाड्यांच्या काळात मांडलेल्या प्रयोगात दगड पोलादाला आठ इंचांनी भारी पडला. पोपच्या १९२३ साली छापलेल्या लिखाणात ही नोंद आहे आणि शिकारी बाणाच्या टोकाचा माग काढणारा माणूस तिथे थांबतोच.

मीही थांबलो. आकड्यांबद्दल मला शंका नाही. पण त्या पेटीत हाड नव्हते. काचेची धार मांसातून करवतीसारखी कापत जाते, तीच फासळीवर आपटली की तिच्या कपच्या उडतात. पोपने आत एक फासळी उभी केली असती तर निकाल कदाचित उलटा लागला असता. टोक किती टिकते आणि किती नेमके जाते हे पाहणाऱ्याने आधी समोर काय ठेवायचे ते ठरवलेले असते आणि अर्धा निकाल तिथेच लागतो. हा सगळा माग मला याच एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: बाण मारून पाहायचा तो कशावर?

दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतात सिबुडू नावाची गुहा आहे. तिथे सापडलेले गारगोटीचे छोटे तुकडे ६०,००० वर्षांहून जुने आहेत. दांडी कुजून गेली, धनुष्य उरले नाही, मग यांना बाणाची टोके म्हणायचे कशावरून? मार्लीझ लोम्बार्ड आणि लॉरेल फिलिप्सन या संशोधिकांनी २०१० साली उत्तर दिले ते सूक्ष्मदर्शकातून. टोकांवर रक्ताचे आणि हाडाचे अंश होते, बुडाशी झाडाच्या चिकाचा डिंक होता आणि आपटून फुटल्याच्या खुणा होत्या. वेगाने जाऊन कठीण वस्तूला धडकलेल्या दगडाचा टवका उडतो तो ठरावीक तऱ्हेने. हाताने खरवडताना किंवा पायाखाली येऊन मोडलेला दगड तसा फुटत नाही. म्हणजे बाणाच्या टोकाचा इतका जुना दाखला मिळतो तो टोक मोडल्यामुळे. न मोडलेले टोक नुसता दगड म्हणून पडून राहिले असते.

आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या ओट्झीच्या भात्यातही हेच. हा माणूस ५,३०० वर्षांपूर्वीचा. भात्यात १४ बाण, त्यांतले दोनच टोके आणि पिसे लावून पुरे केलेले, आणि ते दोन्ही मोडलेले. दहा वर्षांनी, २००१ मध्ये, क्ष-किरणांत त्याच्या डाव्या खांद्यात रुतलेले चकमकीच्या दगडाचे टोक दिसले. दांडी निघून आली होती, टोक आत राहिले होते आणि त्याने काखेकडे जाणारी रक्तवाहिनी फाडली होती.

आत राहिलेल्या अशाच टोकाला आपल्याकडे शल्य म्हणत. मनातले शल्य म्हणताना आज आपल्याला लोखंड आठवत नाही, पण सुश्रुताला तेच दिसत होते. रुतलेला बाण आल्या वाटेने मागे ओढायचा की पुढे ढकलून पलीकडून काढायचा, याची चर्चा त्याने केली आहे. शल्यचिकित्सा हा शब्द तिथला. टोकाने काय काय होते हे धनुर्धराइतकेच वैद्यालाही ठाऊक असे. पोपही शल्यविशारदच होता, हा मला नुसता योगायोग वाटत नाही.

चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधराने सुभाषितांचा मोठा संग्रह केला, शार्ङ्गधरपद्धती. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक पीटर पीटरसन यांनी तो १८८८ साली मुंबईत बॉम्बे संस्कृत सिरीजमध्ये छापला. सुभाषितांच्या त्या गर्दीत धनुर्वेदाचा एक सबंध भाग आहे. टोकांचे प्रकार नावानिशी येतात: क्षुरप्र, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, कर्णिक, काकतुंड आणि आणखी काही. सुईच्या तोंडाचे टोक कवचासाठी, अर्धचंद्र मस्तकासाठी, असे प्रत्येकाचे काम वाटून दिलेले. पात्याला पाणी कसे पाजायचे तेही आहे. पिंपळी, सैंधव आणि कोष्ठ गोमूत्रात वाटून लेप द्यायचा, तापवायचे आणि तेलात विझवायचे. पात्याला ‘पाणी पाजणे’ हे आपले लोहार अजून म्हणतात, मग विझवण तेलाची असली तरी.

आणि तिथे परीक्षा आहे. लोखंडी पत्रे, कातडी, घडा, मातीचा गोळा यांवर बाण मारून पाहायचा. जो एका बाणात चोवीस कातडी भेदतो त्याचा बाण गजराजाच्या देहातून आरपार जाईल, असे तो ग्रंथ सांगतो. हत्ती काही रोज मारून पाहता येत नाही, म्हणून त्याच्याऐवजी कातड्यांची चवड. खऱ्या लक्ष्याच्या जागी दुसरे काही उभे करायचे आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध आकड्याने जोडायचा ही प्रयोगाची कल्पना इथे स्पष्ट शब्दांत आहे. ती वाचताना मला फार आनंद झाला. मात्र इथे पारख होते ती धनुर्धराची. बाण पार गेला तर श्रेय त्याच्या हाताला. टोक बनवणाऱ्या लोहाराचे नाव कुठे येत नाही.

लोहाराला धरले ते इंग्लंडने. चौथ्या हेन्रीच्या काळात, १४०५-०६ च्या सुमारास, तिथे कायदा झाला. बाणांची टोके सदोष निघतात अशी तक्रार होती. म्हणून टोके नीट भाजून-जोडून, अग्राशी पोलादाने कठीण करून द्यावीत आणि प्रत्येक टोकावर करणाऱ्याची खूण असावी, असे ठरले. मोडलेल्या टोकाचा जाब आता थेट भट्टीपर्यंत नेता येत होता. पण ही सगळी युद्धाची टोके, चिलखत फोडायची. शिकारीच्या टोकाचे काम निराळे. चिलखतावरचे टोक निमुळते आणि जाड हवे. हरणावरचे रुंद आणि धारदार, कारण बाण मारतो तो धक्क्याने नव्हे, रक्तस्रावाने. जखम रुंद आणि आरपार झाली तर जनावर काही क्षणांत पडते. टोक वाकले किंवा बाण फुटभर बाजूला गेला तर ते जखम घेऊन रानात जाते आणि दिवसेंदिवस मरत राहते. टिकाऊपणा आणि नेमकेपणा या दोन्ही परीक्षांच्या मुळाशी हेच जनावर आहे.

पोपला हे शिकवले ते इशीने. हा ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ तो एकटा, उपाशी सापडला आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात राहायला आला. आपले नाव त्याने कुणाला सांगितले नाही. इशी म्हणजे त्याच्या भाषेत नुसते ‘माणूस’. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारा पोप त्याचा डॉक्टर झाला, मग मित्र, मग शिष्य. हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाब देऊन, एकेक टवका काढत इशी ऑब्सिडियनचे पान घडवी. बाटलीच्या काचेचीही टोके करी. १९१६ साली तो क्षयाने गेला. त्याच्याकडून शिकलेले हाताशी धरून पोपने संग्रहालयातली जगभरची धनुष्ये ओढून पाहिली, बाणांचे पल्ले मोजले, आणि ती पेटी केली. एकदा जुन्या दमास्कस चिलखतावरही परीक्षा झाली. चिलखत अंगात घालून उभे राहायला संग्रहालयातला एक सेवक तयार झाला होता, पण पोपने ते पेटीवर चढवले. ७५ पौंडी धनुष्यातून सात यार्डांवरून सुटलेला निमुळता पोलादी बाण ठिणग्या उडवत कड्या फोडून आत गेला. सेवकाचा जीव पोपच्या सावधपणामुळे वाचला.

म्हणजे पोपपाशी दोन पेट्या होत्या. एकीवर कातडे, दुसरीवर चिलखत. जिंकलेली टोके दोन वेगळी होती. माझ्या मते त्याच्या सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे, पण लोकांच्या लक्षात राहिले ते ‘दगड पोलादापेक्षा भारी’ एवढेच.

नेमकेपणाची बाजू उलगडायला कॅमेरा यावा लागला. क्लॅरेन्स हिकमन हा बेल प्रयोगशाळेतला भौतिकशास्त्रज्ञ आणि हौशी धनुर्धर. त्याच्या अतिवेगवान चित्रीकरणात १९३० च्या दशकात दिसले की सुटताना बाण सरळ नसतोच. तो धनुष्याच्या दांड्याला वळसा घालत माशासारखा वळवळतो आणि पुढे जाऊन सरळ होतो. सरावाच्या गोळीदार टोकाला या वळवळीचे काही वाटत नाही. पण रुंद पाते म्हणजे बाणाच्या नाकावर बसवलेला पंखच. बाण जरा तिरपा झाला की पात्याखाली वारा भरतो आणि ते बाणाला आपल्या दिशेने ओढू पाहते. मागची पिसे सरळ करू पाहतात, पुढचे पाते वळवू पाहते. जितके पाते रुंद तितकी जखम मोठी आणि तितकाच बाण हट्टी.

फ्रेड बेअरने १९५६ साली बाजारात आणलेल्या रेझरहेड या शिकारी टोकात मुख्य पात्याला आडवे छोटे जादा पाते खोचता येई. कापण्याची रुंदी वाढली, पण सांधाही एक वाढला. मग होलिस विल्बर अॅलनच्या कप्प्यांच्या, म्हणजे कंपाउंड, धनुष्याला १९६९ साली पेटंट मिळाले आणि सारे गणित हलले. साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला ५० मीटरच्या आसपास जातो. आजच्या ताकदवान कंपाउंडमधून २६ ग्रॅमचा बाण ८५ मीटरने निघू शकतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पात्यावरचा ओढा जवळपास तिप्पट. पिसांचा जोरही तितकाच वाढतो हे खरे, पण याच काळात मोठी पिसे जाऊन प्लॅस्टिकचे छोटे पंख आले, दांड्या हलक्या झाल्या आणि माणसे लांबून मारू लागली.

त्यावर उतारा म्हणून हवेत मिटून राहणारी आणि आदळल्यावर उघडणारी पाती १९९० च्या दशकात लोकप्रिय झाली. ती सरावाच्या टोकासारखी सरळ जातात. पण उघडण्यात जोर खर्च होतो, आणि बिजागरी हाडावर आदळली की काय होईल हा प्रश्न उरतो.

तो प्रश्न डॉ. एड अॅशबी यांनी थेट हाडाला विचारला. १९८० च्या दशकात नातालमध्ये, पुढे ऑस्ट्रेलियात, नुकत्याच मारलेल्या मोठ्या जनावरांवर बाण मारून त्यांनी प्रत्येक बाणाची नोंद ठेवली. पेटी नाही, कातड्यांची चवड नाही. म्हशीच्या जाड फासळ्या. आत शिरण्याला काय कारण होते याची त्यांनी उतरंड लावली तेव्हा सर्वांत वर आला तो बाणाचा अभंगपणा: टोक, जोड, दांडी यांतले काहीही मोडले किंवा वाकले की बाकी सारे गुण फुकट. दुसरे, सरळ उड्डाण. धार, वजन, पात्याचा आकार त्याखाली. जड हाडासाठी ६५० ग्रेन, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम, वजनाचा उंबरठा त्यांनी सांगितला. एकाच बाजूने घासलेली धार आत जाताना फिरते आणि हाड चिरते हेही दाखवले. टिकाऊपणा पहिला, नेमकेपणा दुसरा, आणि दोन्ही एकाच यादीत. मला हा क्रम पटतो, कारण तो प्रत्यक्ष हाडावर ठरला आहे.

आता हौशी परीक्षक पातळ पोलादी पत्रा, प्लायवुड, प्रसंगी सिमेंटचा ठोकळाही समोर ठेवतात. सिमेंटवर टोक टिकले याचा मला फारसा उपयोग दिसत नाही. कुठल्याच जनावरात सिमेंट नसते. हाड ओले असते, वाकडे असते, त्याला किंचित लवचिकपणा असतो. पण तेच टोक पत्र्यावर पुन्हा पुन्हा मारून पाते ढिले होते का, ते वाकते का, धार उरते का, हे पाहणे उपयोगी आहे.

नेमकेपणाची परीक्षा मला जास्त प्रामाणिक वाटते. आधी सरावाच्या टोकांचे बाण मारायचे, मग त्याच वजनाची शिकारी पाती त्याच निशाण्यावर. दोन झुबके एकाच जागी पडले तर ठीक. वेगळे पडले तर दोष बहुतेक वेळा टोकाचा नसतो. चौकटीत ताणलेल्या कागदातून बाण मारला की खरे कळते. गोल भोक आणि पंखांच्या तीन चिरा दिसल्या तर बाण सरळ जातो आहे. कागद बाजूला फाटला तर धनुष्य, दांडी किंवा हात यांपैकी काहीतरी चुकते आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली, ते योग्यच झाले, पण हा कागद इथल्या धनुर्धरांनाही ठाऊक आहे. बर्लिनमध्ये २०२३ साली नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी कंपाउंडचे जगज्जेते झाले. त्यांचे लक्ष्य ५० मीटरवरचे, मधले वर्तुळ ८ सेंटिमीटरचे. अंतिम फेरीत ओजसने १५० पैकी १५० गुण घेतले. त्यांचे टोक गोळीदार, त्याला पाते नाही, पण कप्प्यांचे धनुष्य त्याच घराण्यातले.

एवढे सगळे झाल्यावर, पाते आट्यांत घट्ट बसवून, धनुर्धर आणखी एक गोष्ट करतो. तिला ना पेटी लागते ना पत्रा. बाण उभा धरून त्याचे टोक कठीण लाकडावर टेकवतो, दोन बोटांनी दांडीला पीळ देऊन भोवऱ्यासारखा फिरवतो आणि पाते व दांडी जिथे जुळतात तिथे डोळा लावतो. तिथे किंचित जरी थरथर दिसली तरी तो बाण बाजूला ठेवतो.