कप आधी, लीग शंभर वर्षांनी

लहानपणी वडिलांबरोबर मी कूपरेजवर रोव्हर्स कप पाहायला जाई. आपला संघ हरला की वडील म्हणत, ‘संपलं, चला घरी!’ कपचा स्वभावच तो : एक पराभव आणि खेळ खलास. इंग्लंडमध्ये १८८५ साली खेळाडूंना पगार देण्यास मान्यता मिळाली. पण पगार द्यायचा तर नियमित सामने हवेत, गल्ला हवा. म्हणून १८८८ मध्ये बारा क्लबांनी लीग सुरू केली. प्रत्येकाचा प्रत्येकाशी दोनदा सामना. त्याच वर्षी आपल्याकडे सिमल्यात ड्युरँड कप सुरू झाला, १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स. शहरोशहरी लीग होत्या. राष्ट्रीय लीग मात्र थेट १९९६ मध्ये आली. तोवर कपने मैदानं भरली. खेळाडूची चूल पेटली ती रेल्वे, बँका आणि गिरण्यांच्या नोकरीवर.