लाकडावरचे मस्टर

रायपूरला आपण कितीदा तरी जातो. कधी लग्नाचा बस्ता, कधी दवाखाना, कधी नुसते स्टेशन. पण घडी चौकाजवळच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात आपल्यापैकी किती जण गेले असतील? माझा जन्म भिलाईचा, तरी मीही चाळिशी उलटल्यावर गेलो, तेही मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे.

राजनांदगावचे महंत घासीदास यांनी 1875 मध्ये हे संग्रहालय सुरू केले. देशातल्या जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. आजच्या इमारतीचे उद्घाटन 1953 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केले. पुढे 1959 मध्ये आपल्या कारखान्याच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झाले.

सिरपूरच्या धातुमूर्ती आवर्जून पाहाव्यात अशा आहेत. 1950 च्या दशकात सिरपूरला उत्खनन करणारे डॉ. मोरेश्वर दीक्षित आणि रतनपूरच्या कलचुरींचे लेख संपादित करणारे नागपूरचे म. म. वा. वि. मिराशी, हे दोघेही मराठी. इथली माती आपल्या माणसांनीही वाचली, याचा आनंद वाटला.

पण मी खिळून राहिलो तो एका जुनाट लाकडी खांबापाशी. महानदीकाठच्या चंद्रपूरजवळ (आपले चांदा नव्हे) किरारी नावाचे गाव आहे. 1921 मध्ये तिथला तलाव आटला आणि गाळ काढताना हा खांब सापडला. काळ इसवी सनाचे दुसरे शतक, लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. अठराशे वर्षे पाण्याने आणि चिखलाने जपलेले लाकूड बाहेर काढून उन्हात ठेवले आणि ते तडकले. ढलप्यांबरोबर अक्षरेही गळून पडली. सुदैवाने लक्ष्मीप्रसाद उपाध्याय या स्थानिक पंडितांनी आधीच ती अक्षरे जशी दिसली तशी कागदावर उतरवून ठेवली होती. खांबावर आज मोजकीच अक्षरे उरली आहेत. लेख कळतो तो त्या कागदामुळे.

आणि लेखात आहे काय? राजाची स्तुती नव्हे, तर चक्क स्टाफचे मस्टर! सेनापती आहे, नगररक्षी आहे. भांडागारिक म्हणजे आपले स्टोअर्स, गणक म्हणजे अकाउंट्स, लेखहारक म्हणजे टपाल नेणारा, महानसिक म्हणजे स्वयंपाकघर सांभाळणारा. शिवाय वाहनांची शाळा आणि शस्त्रागार पाहणाराही एक अधिकारी आहे. मी रेल्वेत कॅरेज अँड वॅगनमध्ये डिप्लोमा इंजिनिअर. अठराशे वर्षांपूर्वीचा आपला खातेवाला भेटल्यासारखे वाटले!

घरी येऊन बाबांची ट्रंक उघडली. त्यात सेक्टर 2 मधल्या सुरुवातीच्या एका गणेशोत्सवाचा फोटो आहे. मूर्तीपुढे चौदा जण उभे आहेत. नागपूर, अमरावती, भंडाऱ्याहून कारखान्याच्या नोकरीसाठी आलेली ही तरुण पोरे. बाबा असताना मी कधी नावे विचारली नाहीत. आज मला त्यातली तीनच ओळखू येतात. अकरा अक्षरे गळाली म्हणायची.

म्हणून एक विनंती. यंदा आरतीच्या वेळी तो फोटो मी मंडपात ठेवणार आहे, शेजारी एक वही असेल. ज्येष्ठांनी ओळखेल त्याचे नाव, गाव आणि खाते लिहावे. तरुणांनी आपल्या आजी-आजोबांना हाताला धरून आणावे. लाकूड तडकण्याआधी उतरवून घेतलेले बरे.

गणपती बाप्पा मोरया!